तळघरातलं पाणी आणि चुन्याचं पिंप

परवा गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला आणि बघता बघता दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं. तशी आमच्या गल्लीतली एक नवी सून पळतच आली. “काकू, आमच्या तळघरात पाणी झिरपायला लागलंय. मोटर लावून उपसू का?” मी तिचा हातच धरला. म्हटलं, “आज काहीही उपसू नकोस बाई. आधी सांग, खालच्या लाइटचं बटण कुठं आहे?”

उंबऱ्यात उभं राहून सगळं सांगून होत नाही. जुन्या नाशकात तळघर असलेली घरं अजून आहेत, आणि त्यात राहणारी पिढी बदललीय. म्हणून आमच्या घरावर जे दोनदा गुदरलं ते इथं सविस्तर लिहून ठेवते.

बाहेरगावच्या वाचकांसाठी एवढंच सांगते की गोदावरीचं पाणी आम्ही फुटांत मोजत नाही, मारुतीच्या अंगावर मोजतो. रामकुंडाजवळ नदीपात्रातच दोन तोंडांचा उंच मारुती उभा आहे. गुडघा, कंबर, छाती, गळा, असा पूर चढतो. नारोशंकराच्या देवळावरच्या घंटेला पाणी लागलं म्हणजे महापूर. धरणातून किती क्युसेक सोडलं हे मोबाइलवर येतं, पण सासूबाई अजूनही विचारतात, “मारुती कुठवर बुडाला?” आमच्या घराचं माप त्याच्या छातीशी जुळतं. छातीच्या वर गेलं की आम्ही जिन्याखालची फळी लावतो.

वाडा सराफ बाजाराच्या खालच्या अंगाला, उतारावर. सासऱ्यांचा धंदा लग्नकार्याला भांडी भाड्यानं देण्याचा. पितळी पातेली, पराती, तांब्याची घंगाळं, हंडे, झारे, उलथणी, सगळं तळघरात रचलेलं. आठ पायऱ्या उतरून चौदा बाय दहाची खोली. दोन फुटी दगडी भिंती, चुन्याचा दर्जा (म्हणजे दगडांच्या सांध्यांतला चुना), खाली शहाबादी फरशी आणि गल्लीच्या बाजूला वितभर उंचीचा एक झरोका. उन्हाळ्यात दुपारी तिथं बसलं की माठातल्यासारखा गारवा. माझ्या मुलानं दहावीचा अभ्यास तिथंच केला.

पाणी दोन वाटांनी येतं. एक झरोक्यातून, ते दिसतं. दुसरं मोरीच्या नळीतून, ते दिसत नाही आणि तेच आधी येतं. गावाच्या पोटातून सरस्वती नाला नदीला जाऊन मिळतो. नदी भरून वाहायला लागली की नाल्याला आपलं पाणी टाकायला जागा उरत नाही, मग ते मागं फिरतं आणि आमच्या बाजूच्या गटारांतून वर येतं. म्हणून सराफ बाजारात पाणी नदीकडून न येता पायाखालून येतं असं वाटतं. आता आम्ही मोरीच्या तोंडाला लाकडी गुडदी ठोकतो आणि वर वाळूचं पोतं ठेवतो. पाणी अडतं असं म्हणणार नाही, पण निदान गटारातलं घाण पाणी जोरानं उसळत नाही.

२०१६ च्या ऑगस्टमधली चूक मी आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्या चुकीतून आलंय. त्या पुरात तळघर साडेचार फूट भरलं. पूर ओसरल्याच्या रात्रीच आम्ही भाड्यानं मोठा पंप आणला आणि पहाटेपर्यंत सगळं पाणी उपसून मोकळे झालो. सगळ्या गल्लीत आमचं तळघर आधी रिकामं झालं याचा मला आनंद झाला होता. सकाळी आठच्या सुमाराला गाडीतून खडी ओतावी तसा आवाज आला. गल्लीकडची भिंत मधोमध पोट काढून आत कोसळली होती. खाली तेव्हा कुणी नव्हतं, नाहीतर काय झालं असतं याचा विचार आजही रात्री जाग आली की येतो.

का पडली, ते आमच्या गवंडीमामांनी समजावलं. तळघराच्या भिंतीमागं माती असते. पुरात ती माती पाण्यानं तुडुंब भरते आणि भिंतीला बाहेरून रेटा देते. आत पाणी असतं तोवर ते आतून तेवढाच रेटा देत असतं, भिंत दोन्हीकडून सावरलेली असते. आतलं पाणी एका रात्रीत काढलं की बाहेरची ओली माती एकटीच ढकलत राहते. “वहिनी, भिंतीला टेकू होता, तो तुम्हीच काढून घेतला,” मामा म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, पण मला ते लागलं.

त्यानंतर दुसरी चूक. भिंत नव्यानं रचली ती सिमेंटमध्ये, आणि ओल येऊ नये म्हणून बाकीच्या तिन्ही भिंतींनाही सिमेंटचा गिलावा करून वर रसायनाचे दोन हात मारले. ज्या दुकानातून ते रसायन घेतलं तिथं छातीठोकपणे सांगितलं होतं की आता दहा वर्षं बघायला नको. पहिल्या वर्षी भिंत खरंच कोरडी दिसली. दुसऱ्या वर्षी हात मारला की गिलावा पोकळ वाजायला लागला. आत काय चाललं होतं ते तेव्हा कळलं नाही.

मग आला २०१९. ४ ऑगस्ट, रविवार. पाऊस आदल्या दिवसापासूनच थांबत नव्हता. सकाळी मारुतीच्या गळ्याला लागल्याचं कळलं आणि पुढं तर तो दिसेनासाच झाला. भांडी बाजार, कापड बाजार, सगळीकडं माणसं माल वर चढवत होती. आम्ही हाताला लागेल ते वर काढलं, पण मोठी पातेली दोन माणसांशिवाय हलत नाहीत. दुपारी पाणी सहाव्या पायरीवर आलं तेव्हा आमच्या ह्यांनी मेन स्विच पाडला आणि सगळ्यांना वर बोलावलं. अंधारात खालून आवाज येत होता. रिकामी पातेली पाण्यावर तरंगून एकमेकांवर आपटत होती, देवळात घंटा वाजाव्यात तशी. रात्रभर ते ऐकत आम्ही ओसरीवर बसून होतो.

दुसऱ्या दिवशी नागपंचमी, श्रावणातला पहिला सोमवार. नदी उतरायला लागली होती. मुलगा फावडं घेऊन निघाला तर सासूबाईंनी त्याला जिन्यातच अडवलं. “आज जमिनीला हत्यार लावायचं नाही. नागोबा बाहेर पडलेले असतात.” तो चिडला. मी मात्र मनातून सुटले, कारण २०१६ नंतर मलाही तो दिवस थांबायचंच होतं. आणि खरंच, झरोक्याच्या खाचेत एक धामण वेटोळं घालून बसली होती. तिच्याही बिळात पाणीच गेलं असणार. सर्पमित्राला फोन केला, त्यानं दहा मिनिटांत तिला पिशवीत घेतलं. पुरानंतर तळघरात उतरताना आधी काठी आणि बॅटरी उतरवावी, मग पाय.

मंगळवारी उपसा सुरू केला. पंप गल्लीत, फक्त पाइप खाली. डिझेलचा किंवा पेट्रोलचा पंप तळघरात नेऊन चालवू नका, त्याच्या धुरातला विषारी वायू बंद खोलीत साचतो, त्याला वास नसतो आणि माणूस बसल्या जागी जातो. पंप घेताना गढूळ पाण्याचा मागायचा, मड पंप म्हणतात तो. विहिरीवरची साधी मोटर गाळानं पाच मिनिटांत गळाठते.

पाच फूट पाणी होतं. खोलीच्या मापानं जवळजवळ वीस हजार लिटर, म्हणजे दोन मोठे टँकर. दिवसाला दीड फूट, त्याहून जास्त नाही, असं मामांनी बजावलं होतं. पाण्याच्या पातळीवर भिंतीला खडूनं रेघ मारायची, पंप बंद करायचा आणि सकाळी येऊन बघायचं. बुधवारी सकाळी पाणी रेघेवरच होतं. गुरुवारी सकाळी रेघ बुडालेली, पाणी चार बोटं वर चढलेलं. म्हणजे बाहेरची माती अजून भरलेली होती आणि पाणी तिच्यातून आत येत होतं. मामा म्हणाले, आज पंपाला हात लावायचा नाही. तो दिवस सगळ्यात जड गेला. वास वरपर्यंत यायला लागला होता, शेजारी विचारत होते, तुमचं अजून का भरलेलं? पण आम्ही थांबलो. शनिवारी संध्याकाळी फरशी लागली आणि चारही भिंती उभ्या होत्या. मी जिन्यातच बसून रडले.

आता गाळ. गोदावरीचा गाळ दिसायला मऊ, काळपट, दह्यासारखा. ओला आहे तोवर फावड्यावर येतो. दोन दिवस वाळला की भेगा पडतात आणि तो दगडासारखा घट्ट होतो. त्यामुळं उपशात घाई नको म्हटलं तरी गाळात घाई हवीच. फरशीवर नऊ इंच थर होता. नाक्यावरून दोन मजूर घेतले, घरची चार माणसं, जिन्यात साखळी करून घमेली वर चढवली. मुलगा दारात कोळशानं रेघा ओढत होता. दोनशे सत्तरच्या पुढं गेल्या तेव्हा दारावर जागा उरली नाही. गल्लीत ढीग केला, तो पालिकेच्या गाडीत गेला. कुजलेली गोणपाटं, फुगलेलं प्लायवूड, दोन गाद्या, पोतंभर तांदूळ, यातलं काहीही ठेवलं नाही. पुराच्या पाण्यात भिजलेलं धान्य धुऊन वाळवून वापरायचा मोह होतो. करू नका, त्या पाण्यात गटार मिसळलेलं असतं.

आणि हो, ढीग उचलला जाण्याआधी सगळ्या वस्तूंचे फोटो काढा. तलाठी पंचनाम्याला येईपर्यंत घर साफ झालेलं असतं आणि मग नुकसान दाखवायला काही उरत नाही. भिंतीवरची पाण्याची रेघ पुसू नका, तीही फोटोत येऊ द्या.

गमबूट आणि रबरी हातमोजे सगळ्यांना घातले. थोरल्या दिरांच्या पायाला जुनी जखम होती, त्यांना खाली उतरूच दिलं नाही. उंदराच्या मुताचं पाणी जखमेला लागून लेप्टो नावाचा ताप येतो. डॉक्टरांकडं जाऊन प्रत्येकानं धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं आणि लेप्टोसाठी त्यांनी दिलेल्या गोळ्याही घेतल्या.

मोठं तांब्याचं घंगाळ मी स्वतः उचललं, ते विसरणार नाही. कोपऱ्यात सरळ उभं राहिलं होतं, काठोकाठ गाळानं भरलेलं. वरचा थर इतका तलम की त्यावर माझा चेहरा अंधुक दिसत होता. आत हात घातला तर खालून थर बदलत गेले. आधी मऊ चिखल, मग बारीक वाळू, मग खडे. जोराचं पाणी जड खडा आधी सोडतं, संथ झालं की वाळू आणि शेवटी माती. त्या पाच दिवसांचं पाणी त्या घंगाळात थरावर थर बसलं होतं. तळाशी एक बेलाचं पान होतं, हिरवंगार. कुणीतरी वाहिलेलं वरच्या घाटावरून आलं असेल. मी ते धुऊन देवापुढं ठेवलं.

भांड्यांचं विशेष बिघडलं नाही. चिंच, मीठ आणि राख, तीन दिवस आम्ही बायका अंगणात घासत बसलो होतो. चिंता होती ती वह्यांची.

देवळीत पत्र्याची पेटी होती. तिच्यात धंद्याच्या जुन्या चोपड्या, लाल कापडी बांधणीच्या. आजेसासऱ्यांच्या मोडीतल्या, सासऱ्यांच्या बाळबोध अक्षरातल्या. कोणाच्या लग्नाला किती पातेली गेली, किती परत आली, कुणाकडून पैसे घेतले नाहीत, सगळं त्यात. पेटी शुक्रवारी निघाली. वह्या फुगून विटेसारख्या झाल्या होत्या. मी पहिलं पान उघडायला नख लावलं तर कोपरा हातातच आला. ग्रंथालयात आयुष्य काढलेल्या एका मैत्रिणीला फोन केला. ती ओरडलीच, “उघडू नकोस! आणि उन्हात तर मुळीच टाकू नकोस.” तिच्या सांगण्यावरून प्रत्येक वही वरून स्वच्छ पाण्यात हलक्या हातानं बुडवून गाळ उतरवला, प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवली. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही, आणि आपल्याला वेळ मिळतो. डेअरीवाल्यानं श्रीखंडाचे डबे बाजूला सारून जागा करून दिली आणि महिनाभर एक पैसा घेतला नाही.

मग रोज एक वही काढायची. पंख्याच्या वाऱ्यात, सावलीत, उभी ठेवायची. ओलसर झाली की थोड्या थोड्या पानांनंतर कोरा कागद सरकवायचा, भिजला की बदलायचा. वर्तमानपत्र नको, त्याची शाई उठते. सासऱ्यांच्या वह्यांनी मला दुःख दिलं. ते फाउंटन पेननं, निळ्या शाईनं लिहायचे. पानंच्या पानं आभाळासारखी निळी झाली होती, अक्षर एकही नाही. आजेसासऱ्यांची मोडी मात्र जशीच्या तशी. त्या काळची शाई काजळाची, डिंकात खललेली. बोट घासलं तर पसरते, पण पाण्यात आपली आपण विरघळून जात नाही. कुणाची चार पातेली बाकी होती ते शंभर वर्षांपूर्वीचं वाचता येतं, आणि माझ्या लग्नातला हिशोब गेला. सासूबाई त्या निळ्या पानांवरून हात फिरवत म्हणाल्या, “असू दे. त्यांच्या हातचंच आहे ना.” ती वही आम्ही टाकली नाही.

तळघर धुतलं ते आधी साध्या पाण्यानं, दगड दिसेपर्यंत. मातीवर ब्लीचिंग पावडर टाकून उपयोग नाही, मातीच तिची ताकद खाऊन टाकते. फरशी स्वच्छ झाल्यावर दहा लिटरच्या बादलीला साधारण दीडशे ग्रॅम पावडर, अर्धा तास ठेवून धुवायचं. ॲसिड किंवा फिनेल तिच्यात मिसळू नका. संडासाचं ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र आलं की त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि तळघरात पळायला जागा नसते.

आता भिंती, आणि इथंच २०१६ ची दुसरी चूक उघडी पडली. गिलावा ठोकून काढला तेव्हा आतले दगड ओलेचिंब होते. दर्ज्यातला चुना ओल्या भाकरीसारखा बोटानं निघत होता. भिंतीला श्वास घ्यायला जागाच ठेवली नव्हती आम्ही. दगड-चुन्याची भिंत ओल पिते आणि कोरड्या हवेत सोडून देते. सिमेंट ती सोडू देत नाही. मग ओल वर चढत जाते, आणि आमच्या ओसरीच्या भिंतीला कमरेपर्यंत लोणा का लागला होता ते कोडं त्या दिवशी सुटलं. पांढरं पिठासारखं, बुरशीसारखं दिसतं तो लोणा म्हणजे मातीतलं मीठ. तो ओल्या फडक्यानं पुसू नका, मीठ विरघळून परत भिंतीत जातं. कोरड्या ब्रशानं झाडायचा, खाली कागद धरायचा आणि तो कागद घराबाहेर टाकायचा.

मामांनी सांगितलं, दिवाळीच्या आधी भिंतीला हात लावणार नाही. श्रावणातली हवा स्वतःच ओली, तिच्यात भिंत काय वाळणार? पंखा ठेवला तो बुरशी बसू नये म्हणून. खरं वाळणं सुरू झालं थंडीत, कोरडा वारा सुटल्यावर. तुळयांनाही मुद्दाम ऊन किंवा हिटर दाखवला नाही, सागवान घाईनं वाळवलं की तडकतं.

चुना आम्ही घरीच भिजवला. चुनकळी, म्हणजे न विरवलेल्या चुन्याचे खडे, आणली, लोखंडी पिंपात आधी पाणी आणि मग त्यात थोडी थोडी कळी. पाणी रटारटा उकळतं, वाफ येते, तोंडावर उडालं तर डोळा जाईल, म्हणून चष्मा लावून आणि मुलांना लांब ठेवून. तीन महिने तो चुना पाण्याखाली मुरला. उन्हाळ्यात मामांनी त्यात वाळू, विटांची सुरखी, गुळाचं पाणी आणि भिजवलेला हिरडा घालून दर्जे भरले. वर पातळ गिलावा, आणि पंधरा दिवस ओली बारदानं टांगून ठेवलेली. सिमेंटची ती एक भिंत तशीच आहे. ती आत्ता पाडायची हिंमत नाही. पण बाकी तिन्हींवर हात ठेवला की पावसाळ्यात गार आणि जानेवारीत कोरडी लागते, पूर्वी लागायची तशी.

तळघरात आता धान्य नाही, कागद नाही, गादी नाही. भांडी आहेत, दोरानं कड्यांना बांधलेली, म्हणजे तरंगून भिंतींवर आपटणार नाहीत. खालची वायर काढून टाकली, बल्बचा बोर्ड जिन्याच्या वर घेतला.

त्या नव्या सुनेकडं काल जाऊन आले. फूटभर पाणी आहे, उतरतंय. तिनं खडूची रेघ मारून ठेवली होती, आणि पाणी रेघेवरच होतं. तिच्या भिंतींना जुना चुना आहे, दोन ठिकाणी दर्जा निघालाय. माझ्याकडं पिंपात अजून अर्धा चुना उरलाय. वर चार बोटं पाणी ठेवलं की तो वर्षानुवर्षं बिघडत नाही, उलट मुरतो. दिवाळीनंतर ती घेऊन जाणार आहे. तिचं काम होऊन उरला तर आणखी कुणीही मागायला या, पिंप परसात तुळशीच्या मागं आहे.